पेथिडीनचं बाजारात न आलेलं भावंड, आणि काही दिवसांत आलेला कंपवात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. वडील ६९ वर्षांचे, सहा वर्षांपासून कंपवात म्हणजे पार्किन्सन्स, रोज सिंडोपा (लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध असलेली गोळी) आणि सकाळी रासाजिलीनची एक गोळी, तीही याच आजारासाठी. पुढच्या महिन्यात गुडघा बदलण्याचं ऑपरेशन. तुमच्या भावाच्या वाचनात आलं की पेथिडीनसारख्या एका वेदनाशामकामुळे कॅलिफोर्नियात तरुण मुलांना काही दिवसांत पार्किन्सन्स झाला होता. तेव्हापासून घरात सगळे धास्तावले आहेत आणि वडील म्हणतात, दुखलं तर दुखू दे, मला दुखण्याचं इंजेक्शन नको. तुम्ही विचारता, हे खरं आहे का आणि मग ऑपरेशननंतर त्यांना काय द्यायचं.

आधी उत्तर सांगतो. पेथिडीनने पार्किन्सन्स होत नाही. ट्रामाडॉलने होत नाही, मॉर्फीननेही नाही. भावाने वाचलेली गोष्ट खरी आहे, पण ती पेथिडीनची नाही. ती त्याच्या एका भावंडाची आहे, जे औषध म्हणून कधी विक्रीलाच आलं नाही. खरं तर ती त्या भावंडाचीही नाही, ते चुकीच्या पद्धतीने बनवताना तयार झालेल्या एका विषाची आहे. आणि तरीही तुमच्या वडिलांना पेथिडीन आणि ट्रामाडॉल देऊ नये. त्याचं कारण वेगळं आहे, ते त्यांच्या रासाजिलीनच्या गोळीत आहे. गंमत नव्हे, पण ही गोळी आणि ती कॅलिफोर्नियाची घटना एकाच एन्झाइमपाशी येऊन भेटतात, म्हणून दोन्ही गोष्टी सविस्तर सांगतो. मी २७ वर्षं मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे आणि पार्किन्सन्सच्या पेशंटच्या घरच्यांना हा इतिहास माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

पेथिडीनपासून सुरुवात करू. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ऑटो आइस्लेब हे रसायनशास्त्रज्ञ अॅट्रोपीनसारखं, म्हणजे आतड्याची पेटके सोडवणारं औषध शोधत होते. त्यातून जो रेणू हाती आला तो उंदरांना दिल्यावर त्यांच्या शेपट्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वर वळल्या. मॉर्फीन दिलेल्या उंदराची शेपटी अशीच उभी राहते. ओटो शाउमान यांनी हे ओळखलं आणि अफूच्या झाडाशी काहीही संबंध नसलेलं, पूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेलं, मॉर्फीनच्या जातीचं पहिलं वेदनाशामक जगाला मिळालं. आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत आणि शस्त्रक्रिया विभागांत ते अनेक दशकं वापरलं गेलं. तुमच्या आईच्या पिढीतल्या कित्येक बायकांना बाळंतपणात पेथिडीन दिलेलं असेल.

असा एखादा रेणू चालला की बाकीचे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या आसपास शोध घेऊ लागतात. इथली फांदी तिकडे लावून बघ, हा भाग उलटा करून बघ. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली इथे हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत झीरिंग आणि ली यांनी नेमकं हेच केलं. पेथिडीनमध्ये एस्टर नावाचा एक जोड असतो. तो त्यांनी उलटा फिरवला. १९४७ मध्ये त्यांनी हे रेणू जाहीर केले. त्यातला अल्फाप्रोडीन नावाचा रेणू पुढे औषध झाला, काही वर्षं बाळंतपणात आणि लहान मुलांच्या दातांच्या उपचारात वापरला गेला. त्याचाच एक छोटा तुकडा (मिथाइल गट) कमी असलेला सख्खा भाऊ होता एमपीपीपी. प्राण्यांमध्ये तो मॉर्फीनच्या सुमारे ७० टक्के ताकदीचा भरला. म्हणजे वेदनाशामक म्हणून तो निकामी नव्हता. पण तो औषध म्हणून कधीच बाजारात आला नाही. एका जुन्या शोधनिबंधात त्याची नोंद राहिली आणि जवळजवळ तीस वर्षं त्याकडे कोणी फिरकलं नाही.

कंपन्यांच्या कपाटात असे शेकडो रेणू असतात आणि त्यात वावगं काही नाही. मात्र एका फरकाकडे लक्ष द्या. विक्रीला आलेलं औषध म्हणजे नुसता रेणू नसतो. तो किती शुद्ध आहे, त्यात दुसरं काय काय मिसळलेलं असू शकतं, ते किती प्रमाणात चालेल, प्रत्येक खेपेत ते कसं तपासायचं, शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं, हे सगळं काम त्याच्या मागे झालेलं असतं. एमपीपीपीच्या मागे यातलं काहीच नव्हतं. त्याची कृती छापलेली होती, पण ती बनवताना काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय तयार होतं, हे कोणाला शोधावंसं वाटलं नव्हतं.

१९७६ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या २३ वर्षांच्या एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो जुना निबंध वाचला. एमपीपीपी त्या वेळी बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत नव्हता. त्याने तो घरीच बनवला आणि काही महिने स्वतः टोचून घेतला. तोवर काही झालं नाही. मग एकदा त्याने घाई केली, प्रक्रियेतला काही भाग आखूड केला. त्या खेपेचा पदार्थ घेतल्यावर थोड्याच दिवसांत तो आखडला. बोलता येईना, हलता येईना. डॉक्टरांना आधी तो मानसिक आजार वाटला, स्किझोफ्रेनियाचा एक प्रकार, ज्यात माणूस पुतळ्यासारखा होतो. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की हे पार्किन्सन्ससारखं दिसतंय. लेव्होडोपा दिलं आणि तो हलू लागला. तेवीस वर्षांच्या मुलाला लेव्होडोपाने हालचाल येते, हे तुम्ही माझ्या जागी बसून पाहिलं तर अंगावर काटा येईल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी त्याच्या काचेच्या भांड्यांमधला उरलेला पदार्थ तपासला. त्यात एमपीपीपीसोबत इतरही रसायनं होती. ती उंदराच्या मोठ्या जातीला, म्हणजे रॅटला टोचून पाहिली. रॅट थोडा वेळ आखडले आणि मग बरे झाले. हाताशी आलेला गुन्हेगार असा निसटला. आज आपल्याला माहीत आहे की रॅटचा मेंदू या विषाला फारशी दाद देत नाही. त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीच या पदार्थाचं रूपांतर आधीच करून टाकतात आणि ते आत शिरत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. प्राणी चुकीचा निवडला गेला आणि सहा वर्षं गेली. तो मुलगा दीडेक वर्षाने अमली पदार्थाच्या अतिमात्रेने गेला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळ्या पट्ट्यातल्या पेशी नष्ट झालेल्या दिसल्या. तीच जागा, जी तुमच्या वडिलांच्या मेंदूत हळूहळू झिजते आहे. हे सगळं १९७९ मध्ये एका नव्याकोऱ्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आलं आणि मेंदूविकारतज्ज्ञांपैकी फार थोड्यांनी वाचलं.

आता १९८२ चा जुलै. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे शहर. सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये ४२ वर्षांचा एक माणूस आला. डोळे उघडे, तोंडातून लाळ, हात जसा ठेवाल तसा राहतो. मानसोपचार विभाग म्हणाला मेंदूचा आजार, मेंदूविकार विभागातले काही म्हणाले मनाचा. तिथल्या विभागाचे प्रमुख विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की त्याची बोटं किंचित हलतात. त्याच्या हातात पेन्सिल दिली, कागद ठेवला. फार संथपणे, बारीक अक्षरात त्याने लिहिलं. आत माणूस पूर्ण शुद्धीवर होता, सगळं ऐकत होता, सगळं समजत होता, फक्त शरीर त्याचं ऐकत नव्हतं. मी जेव्हा जेव्हा एखादा थिजलेला पेशंट तपासतो, तेव्हा नातेवाइकांना आधी हेच सांगतो की त्यांच्यासमोर ते नाहीत असं समजून बोलू नका.

त्याच्या मैत्रिणीलाही तोच त्रास होता. मग जवळच्या वॉटसनव्हिल गावातले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स टेट्रुड यांच्याकडे असेच दोन तरुण भाऊ असल्याचं कळलं. गावं वेगळी, माणसं एकमेकांच्या ओळखीची नाहीत, पण सगळ्यांच्यात एक धागा होता. प्रत्येकाने नुकतंच ‘नवं हेरॉइन’ म्हणून विकलं जाणारं काहीतरी टोचून घेतलं होतं. लँगस्टन यांनी वाट पाहिली नाही. वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून लोकांना सावध केलं की हा माल घेऊ नका. आणखी पेशंट पुढे आले. गंभीररीत्या थिजलेले एकूण सात जण, विशीपासून चाळिशीपर्यंतचे. एका विषशास्त्रज्ञाला तो १९७९ चा दुर्लक्षित लेख आठवला आणि दोन्ही टोकं जुळली. रस्त्यावर विकलेल्या मालाचे नमुने तपासले तेव्हा काहींत एमपीपीपी जवळजवळ नव्हताच. होतं ते एमपीटीपी.

दोन्ही नावं सारखी वाटतात, म्हणून इथे थांबतो. एमपीपीपी म्हणजे वेदनाशामक. एमपीटीपी म्हणजे ते बनवताना चुकलं तर उरणारा पदार्थ, त्याच्यात वेदना कमी करण्याचा गुण नाही. १९८३ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात लँगस्टन, बॅलार्ड, टेट्रुड आणि अर्विन यांचा निबंध आला आणि पार्किन्सन्सच्या अभ्यासाची दिशा बदलली. त्याच वर्षी असंही प्रसिद्ध झालं की औषधनिर्मितीत कच्चा माल म्हणून एमपीटीपी हाताळणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाला, ज्याने कधी काहीही टोचून घेतलं नव्हतं, पार्किन्सन्स झाला होता.

हे विष काम कसं करतं, ते सांगतो, कारण तुमच्या वडिलांच्या गोळीचा संबंध इथेच येतो. एमपीटीपी स्वतः फारसं घातक नाही. ते स्निग्ध असतं, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सहज ओलांडतं. मेंदूत मुख्य चेतापेशींच्या आजूबाजूला त्यांची देखभाल करणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी, थोडक्यात एमएओ-बी, हे एन्झाइम असतं. हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या डोपामिनसारखी रसायनं मोडण्याचं त्याचं रोजचं काम. ते एमपीटीपीवरही आपलं नेहमीचं काम करतं आणि त्यातून तयार होतं एमपीपी-प्लस. खरं विष ते. त्याचा आकार असा की डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या दारावरचा वाहक त्याला डोपामिन समजून आत घेतो. इतर पेशींना हा वाहक नसतो, म्हणून त्या वाचतात. आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीच्या वीजघरात साठतं आणि तिथली पहिली कळ बंद करतं. वीज गेली की पेशी मरते. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी यातला एकेक टप्पा उलगडला.

आता बघा. मधलं एन्झाइम बंद केलं तर काय होईल? प्राण्यांना आधी सेलेजिलीन देऊन मग एमपीटीपी दिलं तर त्यांच्या पेशी वाचल्या. सेलेजिलीन हे एमएओ-बी अडवणारं औषध, आणि रासाजिलीन त्याच जातीचं नंतरचं. वडील सकाळी चहाबरोबर जी गोळी घेतात, ती हेच एन्झाइम अडवते. हे कळल्यावर सगळ्यांना वाटलं, कदाचित साध्या पार्किन्सन्समध्येही असंच कुठलं तरी बाहेरचं विष असेल आणि सेलेजिलीनने आजार थांबेल. अमेरिका आणि कॅनडात ८०० पेशंटवर मोठी चाचणी झाली. सेलेजिलीन घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज उशिरा पडली, तेव्हा फार आनंद झाला. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की तो परिणाम बराचसा लक्षणं कमी झाल्यामुळे होता. आजार मुळापासून मंदावतो, हे सिद्ध झालं नाही. म्हणून कोणी तुम्हाला रासाजिलीनने पार्किन्सन्स थांबतो असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते लक्षणांवर चांगलं औषध आहे आणि तेवढ्यासाठी घ्यायला हवं.

मात्र त्या घटनेतून जे मिळालं ते खरोखर मोठं होतं. तोवर पार्किन्सन्सचा अभ्यास करायला योग्य प्राणीच नव्हता. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत माकडांना एमपीटीपी दिलं आणि त्यांच्यात हुबेहूब पार्किन्सन्स दिसला. महलॉन डेलाँग यांच्या गटाने अशा माकडांमध्ये मेंदूतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटा पुंजका अति सक्रिय झालेला पाहिला. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की तो निकामी केला की आखडलेली माकडं पुन्हा हलतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला अलीम-लुई बेनाबीद हे मेंदूत विजेची तार घालून कंप थांबवण्याचं काम आधीपासून करत होते. त्यांनी तीच तार याच पुंजक्यात बसवली. आज ज्याला डीबीएस म्हणतात ते हेच. दोघांना २०१४ चा लास्कर हा वैद्यकशास्त्रातला मानाचा पुरस्कार मिळाला. आज मुंबई-पुण्यातही हे ऑपरेशन होतं आणि माझ्या काही पेशंटना त्याने वर्षानुवर्षांचं चालणं-फिरणं परत दिलं. त्याच्या मुळाशी ते सात जण आहेत, ज्यांचा आजार कधीच बरा झाला नाही. लेव्होडोपाने ते हलू लागले, पण काही आठवड्यांतच औषधामुळे होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली आणि औषध उतरलं की पुन्हा थिजणं सुरू झालं. एरवी पार्किन्सन्सला ज्यासाठी पाच-दहा वर्षं लागतात ते त्यांना इतक्या लवकर आलं, कारण त्यांच्या पेशी जवळजवळ सगळ्या एकदम गेल्या होत्या. त्यातल्या दोघांवर पुढे स्वीडनमध्ये लुंड इथे गर्भातल्या मेंदूपेशींचं रोपण झालं आणि दोघांच्याही हालचालीत चांगला फरक पडला.

एक गोष्ट मला आजही बेचैन करते. १९८५ मध्ये, ज्यांनी तो माल घेतला होता पण काहीच लक्षण नव्हतं, अशांच्या मेंदूचं पेट स्कॅन, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणारी तपासणी केली. त्यात डोपामिनचा साठा कमी झालेला दिसला. शरीराने तो तुटवडा झाकून ठेवला होता. पार्किन्सन्सची लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात, हे आम्ही पेशंटना सांगतो, त्याचा हा ढळढळीत पुरावा. आणि १९९९ मध्ये, विष घेऊन बरीच वर्षं झाल्यावर मृत्यू पावलेल्या तिघांचे मेंदू तपासले तेव्हा तिथे पेशी अजूनही मरत असल्याच्या खुणा होत्या. विष केव्हाच निघून गेलं होतं, पण त्याने लावलेली आग चालूच होती. तुमचे वडील कधी विचारतील, मी असं काय केलं की मला हा आजार झाला? बहुतेकांच्या बाबतीत त्यांनी काहीच केलेलं नसतं. तरी बाहेरचं रसायन हा आजार निर्माण करू शकतं, हे या घटनेने कायमचं दाखवून दिलं. एमपीपी-प्लस हे तणनाशक म्हणूनही तपासलं गेलं होतं आणि पॅराक्वाट या तणनाशकाची रचना त्याच्याशी मिळतीजुळती आहे. म्हणूनच त्यानंतर शास्त्रज्ञांचं लक्ष कीटकनाशकांकडे आणि तणनाशकांकडे वळलं. माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांना मी प्रत्येक वेळी विचारतो, फवारणी स्वतः करता का, हातमोजे घालता का. तुमच्या घरी शेती असेल तर घालायला लावा. उघड्या अंगाने पंप पाठीवर घेऊन फवारणारी माणसं आजही रोज दिसतात.

भावाला सांगा की हा किस्सा आता जुना झाला आहे असंही समजू नको. अमेरिकेने १९८५ मध्ये एमपीपीपीवर तातडीने बंदी घातली आणि १९८६ मध्ये बंदी असलेल्या पदार्थाची नक्कल करणाऱ्या रेणूंसाठी वेगळा कायदा केला. तरी जुन्या शोधनिबंधांतून आणि पेटंटांतून विसरलेले रेणू उचलणं थांबलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीत १९५० च्या दशकात बनलेले नायटाझीन गटातले अत्यंत तीव्र रेणू, अपजॉन कंपनीचा १९७० च्या दशकातला यू-४७७००, हे सगळे औषध म्हणून कधी विकले गेले नाहीत आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशात बनावट गोळ्यांमधून माणसं मारत आहेत. तुमच्या घराला त्याचा धडा साधा आहे: दुखण्याची गोळी परवानाधारक दुकानातून, पावतीसह घ्यायची. कोणी ऑनलाइन किंवा ओळखीतून पट्टी आणून दिली तर ती घरात ठेवू नका. इस्पितळात जे पेथिडीन किंवा मॉर्फीन वापरतात, त्याच्या प्रत्येक खेपेची तपासणी झालेली असते. कॅलिफोर्नियातल्या त्या भुकटीची झाली नव्हती. वडिलांची भीती त्या भुकटीला लागू पडते, इस्पितळातल्या अँप्यूलला नाही.

आता खरं काम. तुमच्या वडिलांना पेथिडीन आणि ट्रामाडॉल का नको?

ही दोन्ही औषधं वेदना कमी करतात, शिवाय मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं परत शोषण अडवतात. सेरोटोनिन मोडण्याचं काम मोनोअमाइन ऑक्सिडेज कुळातली एन्झाइमं करतात आणि वडिलांची रासाजिलीन त्याच कुळावर काम करते. ती मुख्यतः बी प्रकार अडवते आणि नेहमीच्या मात्रेत ए प्रकाराला फारसा हात लावत नाही, हे खरं. पण धोका इतका गंभीर आहे की रासाजिलीनच्या माहितीपत्रकातच पेथिडीन, ट्रामाडॉल, मेथाडोन आणि खोकल्याच्या औषधात असणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांना स्पष्ट मनाई आहे. दोन्ही एकत्र आली तर सेरोटोनिन साचतं. मग पेशंट अस्वस्थ होतो, घामाघूम होतो, ताप चढतो, अंग आखडतं, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आणि पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये हे सगळं आजार बळावल्यासारखं दिसतं, म्हणून ओळखायला उशीर होतो.

रासाजिलीन त्या एन्झाइमला कायमचं बांधून टाकते. गोळी रक्तातून काही तासांत निघून जाते, पण एन्झाइम नव्याने तयार व्हायला दिवस जातात. म्हणून गोळी बंद केल्यानंतर किमान १४ दिवस ही औषधं देऊ नयेत असा नियम आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोळी बंद केली म्हणजे झालं, असं नाही. ती बंद करायची की चालू ठेवून फक्त ही वेदनाशामकं टाळायची, हे तुमचे मेंदूविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. मी बहुधा दुसरा मार्ग सुचवतो, कारण गोळी बंद केल्यावर काही जणांचं चालणं बिघडतं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तर चालणंच महत्त्वाचं असतं. तुम्ही मात्र स्वतःहून ती बंद करू नका.

मग दुखणं कसं थांबवायचं? वडिलांना सोसायला अजिबात लावू नका. दुखत असलं की पार्किन्सन्सचा पेशंट अधिक आखडतो, चालायला उतरत नाही, मग छातीत कफ आणि पायात गुठळी. गुडघ्याचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भुलीखाली करता येतं. मांडीच्या नसेभोवती बधिर करणारं औषध सोडून पहिले एक-दोन दिवस बरेच आरामात काढता येतात. वेळच्या वेळी पॅरासिटामॉल द्यायचं. मूत्रपिंड आणि पोट ठीक असेल तर डॉक्टर सूज कमी करणारी गोळी काही दिवस देतील. त्याहून जास्त लागलं तर थोड्या मात्रेत मॉर्फीन, देखरेखीखाली. त्याने वडिलांना पार्किन्सन्स वाढणार नाही. बद्धकोष्ठता मात्र होईल, ती या आजारात आधीच असते, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते सांगू? इस्पितळात नाही, घरी सोडताना. हाडांच्या डॉक्टरांच्या डिस्चार्जच्या चिठ्ठीत ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी अगदी सर्रास असते. नाव वेगळंच असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक वाचा. ट्रामाडॉल किंवा त्याच्यासारखंच टॅपेंटाडॉल दिसलं की फोन करा, मगच द्या.

दुसरी चूक उलटीच्या इंजेक्शनची. काही वर्षांपूर्वी माझे एक पेशंट, निवृत्त मुख्याध्यापक, हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे खुर्चीवर उचलून आणले गेले. आठवड्यापूर्वी ते स्वतः चालत आले होते. एका नर्सिंग होममध्ये मळमळ होते म्हणून मेटोक्लोप्रामाइड रोज तीनदा दिलं होतं. ते औषध मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतं. बंद केलं आणि आठवड्याभरात सावरले, पण त्यांच्या पत्नीने जे तीन दिवस काढले ते मला विसरता येत नाहीत. वडिलांना मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझीन, लेव्होसल्पिराइड नको. ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन चालतं. रात्री गोंधळले, भास झाले तर हॅलोपेरिडॉल नको. लागलंच तर थोडं क्वेटियापीन, आणि आधी लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं हे तपासा.

आणि सिंडोपा. ती कधीही एकदम बंद करायची नाही. ‘उपाशीपोटी’ या शब्दाचा अर्थ वॉर्डात सगळ्या गोळ्या बंद असा घेतला जातो. ऑपरेशनच्या दिवशी पहाटेची मात्रा घोटभर पाण्याबरोबर द्यायला भूलतज्ज्ञ परवानगी देतात, फक्त आधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. स्पायनल भूल असेल तर पुढची मात्राही लवकर गिळता येते. वडिलांची घरातली वेळ साडेसहा, साडेदहा, अडीच अशी असेल तर वॉर्डातल्या आठ, दोन, आठ या वेळा चालणार नाहीत. वेळांचा कागद करून पलंगाशी चिकटवा आणि गोळ्यांची डबी तुमच्याकडे ठेवू द्यावी अशी सिस्टरना विनंती करा. मी पत्र लिहून देतोच, तुमचे डॉक्टरही देतील.

वडिलांशी बोलताना कॅलिफोर्नियाची गोष्ट लपवू नका. ती त्यांना पूर्ण सांगा, अर्धी सांगितली म्हणून तर भीती बसली. भाऊ तुमच्या आधी भूलतज्ज्ञांना भेटणार असेल तर त्याच्याजवळ चालू गोळ्यांच्या पट्ट्या द्या, फोटो नको, पट्ट्याच द्या, आणि पहिलं वाक्य हे बोलायला सांगा की पेशंट रासाजिलीन घेतात. ऑपरेशनला अजून जवळपास महिना आहे. चौदा दिवसांचा हिशेब करायचा ठरलं तरी वेळ पुरेसा आहे, पण भेट या आठवड्यातच घ्या.